पन्नाशीतला इंटरनॅशनल

जुना ट्रॅक्टर घ्यायची हौस असेल तर आधी मिस्त्री शोधावा, ट्रॅक्टर नंतर. ट्रॅक्टर मिळतातच. गोठ्याच्या मागं, चिंचेखाली, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत, कुठंही उभे असतात. पण तो खोलून परत जोडू शकणारा माणूस दर गावात नसतो, आणि जे आहेत ते साठीच्या पुढचे आहेत. आमच्या भागात असे एक तात्या आहेत. सांगली जिल्ह्यात आष्ट्याच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड आहे. नव्या ट्रॅक्टरचे बोर्ड त्यांनी कधी लावले नाहीत. मी ज्युनियर कॉलेजात शिकवतो, म्हणून ते मला ‘सर’ म्हणतात. घरची थोडी हळद, थोडा ऊस आणि थोरल्या भावाचा नवा ट्रॅक्टर असताना मला जुना कशाला हवा, हा प्रश्न त्यांनी एकट्यानंच विचारला नाही. बाकी सगळ्यांनी विचारला.

त्यांचा प्रश्न वेगळा होता. “सर, हुबा करायला पायजे का चालवायला?”

चालवायला, म्हटलं.

“मग इंटरनॅशनल बघा, न्हाईतर मॅसी. झेटर मिळंल सोन्यासारखा, पन माल हुडकताना दम निघंल.”

या सल्ल्यात सगळं गणित आलं. एचएमटीनं १९७१ पासून पिंजोरला झेटर या चेक कंपनीच्या तंत्रावर ट्रॅक्टर बनवले. यंत्र दणकट, पण ट्रॅक्टरचा तो कारखाना २०१६ साली बंद करायचं ठरलं. आयशरचे जुने एअर-कूल्ड ट्रॅक्टर दिसायला झकास, पण ते इंजिन जाणणारा आमच्याकडं कुणी उरला नाही. इंटरनॅशनलचं तसं नाही. १९६३ साली अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर, आपली महिंद्रा आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. इंग्लंडात १९५८ च्या सुमारास आलेलं बी-२७५ हे मॉडेल इथं १९६५ पासून बनायला लागलं, आणि तेही मुंबईत, कांदिवलीला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली, पण २७५ हा आकडा पुढं चालूच राहिला. त्यामुळं आजही लुधियाना आणि राजकोटचा माल दुकानात सहज मिळतो. सगळाच चांगला असतो असं नाही, पण मिळतो.

बी-२७५ म्हणजे पस्तीस हॉर्सपॉवर, चार सिलिंडर, सुमारे २.४ लिटरचं इंजिन. आठ गियर पुढचे, दोन मागचे. डिझेल थेट सिलिंडरवर न पडता आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं. म्हणून आवाज मऊ येतो, पण थंडीत चालू व्हायला कुरकुरतो आणि डिझेलही नव्या डीआय, म्हणजे थेट सिलिंडरवर डिझेल मारणाऱ्या, इंजिनापेक्षा जास्त पितो. हे माहीत असूनच घ्यायचा. परवडतो म्हणून जुना ट्रॅक्टर घेतला असं सांगणारा एकतर थापा मारतोय, नाहीतर त्यानं अजून हिशेब लावलेला नाही.

बघायला सुरुवात केली तेव्हा कळलं, की चकचकीत ट्रॅक्टर सगळ्यात घातकी. लाल ऑइलपेंट मारलेला, बॉनेटवर नवे स्टिकर, टायरला काळं पॉलिश. तात्या अशा ट्रॅक्टरला हातसुद्धा लावायचे नाहीत. खाली वाकून गियरबॉक्स आणि क्लच हाउसिंगच्या सांध्यावर बोट फिरवायचे आणि चहा न घेता निघायचे. या ट्रॅक्टरला वेगळी चेसी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गियरबॉक्स आणि मागचं हाउसिंग एकमेकांना बोल्टनं जोडलेली, तीच त्याची पाठ. उसाच्या पट्ट्यात या ट्रॅक्टरांनी काय काय ओढलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन-दोन ट्रॉल्या, त्याही शिगोशीग. चढाला पुढचं तोंड उठायचं, मग पुढं दगड बांधायचे आणि तसंच दामटायचं. तो सगळा ताण बिडाच्या हाउसिंगवर येतो. बिडाला तडा गेला की वेल्डिंग करतात, वरून लांबी (पुट्टी) भरतात आणि रंग देतात. नखाला मात्र ते कळतं.

शेवटी खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवर जो सापडला त्याला रंगच नव्हता. मूळचा लाल उन्हानं विटकरी झालेला, मडगार्डांना पोचे, सीटच्या जागी खताच्या पोत्याची गुंडाळी. आरसी बुकात १९७४ साल. घरातले थोरले आबा तो वापरायचे, ते वारल्यावर नातवाचा ओढा नव्या ट्रॅक्टरकडं. पण बंद नव्हता. विहिरीवर पंप ओढायला अधूनमधून लावायचे. माझ्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं होतं. पाच वर्षं उभा असलेला ट्रॅक्टर आणि पाच वर्षं हळूहळू चालवलेला ट्रॅक्टर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा चिकटतात, डिझेलचा पंप जाम होतो, टाकीला आतून गंज धरतो.

आम्ही येणार हे सांगताना तात्यांनी बजावलं होतं, “त्येस्नी म्हनावं सकाळपास्नं चालू करू नगा.” गेल्या गेल्या त्यांनी सायलेन्सरला हात लावून बघितला. गार होता. मग डिपस्टिक काढली, अंगठ्यावर ऑइल घासलं. काळं होतं, पण दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी उतरत नव्हतं. रेडिएटरचं झाकण उघडून आतला गाळ बघितला, तोंड वाकडं केलं, पण बोलले नाहीत. थंड इंजिन तापवणारा हीटर धरून सेल्फ मारला. तिसऱ्या खेपेला ढेकर दिल्यासारखा आवाज करून इंजिन उठलं. पांढरा धूर निघाला आणि थोड्या वेळात विरला. निळा राहिला असता तर ऑइल खातंय, काळाच राहिला असता तर नोझल किंवा पंपाचं काम. मग तात्यांनी ऑइल भरायचं झाकण काढून त्या भोकावर तळहात धरला. रिंगा-लायनर गेले असले की तिथून इंजिनाच्या ठोक्याबरोबर जोरात वाफ मारते. इथं हलकी झुळूक येत होती.

“अजून दोन-तीन हंगाम बिनघोर,” तात्या म्हणाले. नातवाच्या चेहऱ्यावर लगेच भाव चढला, हे मला दिसलं.

लिफ्टची परीक्षा साधी असते. नांगर जोडून वर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि गप्पा मारत बसायचं. नांगर चहा होईस्तोवर वरच राहिला तर ठीक. आमचा चहा येईपर्यंत वीतभर खाली उतरला होता, म्हणजे सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह. तेवढं चालतं. शेतात लो रेंजचा दुसरा गियर दोनदा सटकला, तेही तात्यांनी मनात टिपलं. क्लच मात्र वरच्या टोकाला धरत होता आणि सोडताना खरखर येत होती. म्हणजे ट्रॅक्टर तोडावा लागणार, मधून सोडवून त्याचे दोन भाग करावे लागणार, हे तिथंच ठरलं. पैशाची बोलणी त्यावरच झाली.

नातवाचा मुद्दा असा, की आता हा ‘विंटेज’ झाला, याला वेगळा नंबर मिळतो, शहरातले लोक लाखांनी घेतात. पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद आली हे खरं आहे. ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर, नव्या नोंदणीला वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत. पण ती दुचाकी आणि मोटारकारसाठी आहे. शेतीचा ट्रॅक्टर त्यात बसत नाही. मोबाइलवर नियम काढून दाखवला तेव्हा तो जरा नरम आला. भंगारवाल्यानं काय दर सांगितला होता तेही मग त्यानंच सांगितलं. नव्वद हजारांवर सौदा पटला. नांगर त्यात धरला.

आता कागद. खरा घाम इथं निघाला. बुक आबांच्या नावावर, नंबर जुना तीन अक्षरी, नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली. मालक हयात नसेल तर ट्रॅक्टर आधी वारसाच्या नावावर आणि मग आपल्या नावावर. वारसासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती. त्यात लग्न होऊन गेलेल्या दोन आत्याही आल्या, आणि एकीची समजूत घालायला मला तिच्या गावी जाऊन जेवून यावं लागलं. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५. नशिबानं बुकावर बँकेचा बोजा नव्हता. जुन्या बुकात आता बंद झालेल्या भूविकास बँकेचा शिक्का असला आणि तो उतरवलेला नसला, तर कर्ज फिटलं असूनही दाखला आणायला कुठं जायचं हा वेगळाच प्रश्न.

हाताने लिहिलेल्या बुकाची नोंद संगणकात नव्हती. ती ‘बॅकलॉग’मध्ये घालून घ्यावी लागते आणि त्यासाठी आरटीओ कार्यालयातलं जुनं रजिस्टर सापडावं लागतं. ते सापडेपर्यंत मला तिथल्या चहावाल्यानं उधारी सुरू केली. शेवटी पान निघालं. फिकट निळ्या शाईत आबांचं नाव, शेजारी कांदिवलीच्या कंपनीचं नाव आणि इंजिन नंबर. तो ट्रॅक्टरवरच्या नंबराशी जुळला. सौद्याआधीच तात्यांनी रॉकेलनं भिजवलेल्या चिंधीनं आणि बारीक पॉलिश पेपरनं ब्लॉकवरचा मळ काढून आकडे उघडे केले होते. तपासणीच्या वेळी मी त्यावर कागद धरून पेन्सिल घासली, तेव्हा पांढऱ्यावर करडे आकडे उमटत गेले. जुन्या ट्रॅक्टरांची इंजिनं कधी ना कधी बदललेली असतात. बुकातला एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा असला, तर स्वस्तात मिळालेला ट्रॅक्टर शेताबाहेर काढायची सोय राहत नाही. म्हणून मी सांगेन, इंजिनाआधी बुक बघा. विमा थर्ड पार्टी काढला. यापेक्षा जास्त विमा द्यायला कुणी तयार नसतं, आणि तेवढा तर रस्त्यावर यायला कायद्यानं लागतोच.

ट्रॅक्टर घरी आला तो दुसऱ्याच्या ट्रेलरवर बसून. चालवत आणायचा मोह होता, पण अनोळखी ब्रेक आणि विट्याचा घाट, नको म्हटलं. आईनं भाकरतुकडा ओवाळला. भाऊ म्हणाला, “आता ह्याला रोज ओवाळावं लागणार.”

पहिलं काम अर्थात क्लच. ट्रॅक्टर तोडणं हा प्रकार एकदा तरी जवळून बघावा. पाणी काढलं, बॉनेट, बॅटरी, वायरिंग, डिझेलच्या नळ्या आणि स्टिअरिंगचा रॉड सोडवला. मग तात्यांनी लाकडाच्या दोन पाचरी घेतल्या आणि पुढच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना, वरच्या कास्टिंगमध्ये आणि एक्सलमध्ये, हातोडीनं घट्ट ठोकल्या. मला आधी कळेना कशासाठी. पुढचा एक्सल मध्यभागी एका पिनवर झुलतो, जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली व्हावा म्हणून. पाठ जोडलेली आहे तोवर हे झुलणं चांगलं. पण इंजिन मागून सुटलं की ते त्या पिनवर एका अंगाला कलंडतं, आणि खाली कुणाचा पाय असला तर संपलंच. “ही पाचर इसरल्याला मानूस परत गॅरेज उघडत न्हाई,” तात्या म्हणाले आणि हाताखालच्या पोराला पाचरी परत ठोकायला लावल्या.

गियरबॉक्सखाली जॅक आणि लाकडी ओंडके, इंजिनाला वरच्या लोखंडी तुळईवरून चेनब्लॉक. बोल्ट सुटले. तात्यांनी सांध्यात चपटी पहार हलकेच फिरवली, आणि पुढचा अर्धा ट्रॅक्टर आपल्याच चाकांवर टीचभर सरकला. मग हातभर. मधल्या पोकळीत पन्नास वर्षांची धूळ, ऑइल आणि क्लचची पूड यांचं काळं पीठ साठलेलं. प्लेटचे रिव्हेट उघडे पडून फ्लायव्हीलला गोल चरे पडले होते. फ्लायव्हील कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर पाठवून साफ करून आणलं. तिथल्या टर्नरनं ते हातात घेताच मॉडेल सांगितलं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग सगळं नवं. एकदा तोडलाच आहे तर शेजारचं तेलाचं सीलही बदलायचं. शंभर-दोनशेचं सील वाचवून दुसऱ्यांदा ट्रॅक्टर तोडणारे लोक आहेत.

जोडताना तात्यांचा एकच नियम, बोल्टनं ओढायचं नाही. दोन्ही बाजूंना लांब स्टड लावायचे, प्लेट जुन्या शाफ्टच्या तुकड्यानं मध्यावर आणायची, आणि फ्लायव्हील हातानं थोडं थोडं फिरवत गियरबॉक्सच्या शाफ्टचे दात प्लेटमध्ये बसायची वाट बघायची. दोन्ही हाउसिंगा एकमेकींना हातानंच भिडल्या पाहिजेत. शेवटचं बोटभर अंतर राहिलंय म्हणून पान्यानं आवळलं की कास्टिंगचा कान तुटतो किंवा प्लेट वाकते. आमचे दात बसेनात. पोरगं घाईला आलं तसं तात्यांनी त्याला तंबाखू आणायला पिटाळलं आणि मला फ्लायव्हील फिरवायला सांगितलं. ‘टक्’ असा आवाज आला आणि सांधा मिटला.

त्यानंतरची देखभाल म्हणजे बहुतेक स्वच्छताच. धूळ, पाणी आणि घाण डिझेल हे तीन शत्रू, बाकी सगळं त्यांच्या मागून येतं. एअर क्लीनर ऑइल बाथचा आहे. खालच्या वाटीत खुणेपर्यंत ऑइल असतं आणि आत येणारी हवा त्यावरून जाते. पहिल्यांदा वाटी उतरवली तेव्हा ऑइल नव्हतंच, चिखलाची वडी होती. आता सुगीत आणि कुळवणीच्या दिवसांत वरचेवर उतरवतो, एरवी ऑइल बदलताना. खूण ओलांडून जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, हेही लक्षात ठेवावं लागतं.

पाण्याचं दुखणं आमच्या भागाचं आहे. नदीकाठच्या विहिरी खारवटल्यात. तेच पाणी रेडिएटरला घालत आले की ब्लॉकमध्ये क्षार धरतात, आणि दुपारच्या वेळी काटा वर चढतो. कोअर उतरवून साफ केला आणि आता पावसाचं पाणी कॅनमध्ये धरून ठेवतो, त्यात कूलंट. भावाला वाटलं ही सरांची नवी खुळं. मग त्यानंही त्यातलाच कॅन न्यायला सुरुवात केली.

डिझेलबद्दल तात्यांचं म्हणणं असं, की एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचं डिझेल आल्यावर जुन्या पंपांची रबरं जास्त गळायला लागली. नव्या डिझेलमध्ये गंधक फारच कमी आहे हे तर खरंच, दहा लाख भागांत दहा भाग. सगळा दोष त्याचाच की पन्नास वर्षांच्या रबराचा, हा वाद मी त्यांच्याशी घालत नाही. पंपाची सीलं बदलून घेतली. टाकी आतून धुतली. फिल्टर बदलला की एअर काढायची. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, बुडबुडे संपून अखंड धार आली की आवळायचा, मग पंपाचा स्क्रू, मग नोझलच्या नळ्यांचे नट. हे आता मी स्वतः करतो, कपडे खराब करून.

हीटर प्लगची एक गंमत आहे. चारही जुन्या पद्धतीचे, दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखे एकापाठोपाठ एक जोडलेले, त्यामुळं एक गेला की चारही थंड. डिसेंबरच्या सकाळी सेल्फ फिरतोय आणि इंजिन नुसतं खोकतंय, असं झालं की पंपाला हात लावायच्या आधी प्लग तपासावे. काही लोक सरळ एअर क्लीनरजवळ पेटती चिंधी धरतात. तसं करू नका. इंजिनाला त्याची सवय लागते म्हणतात. खरंखोटं माहीत नसलं तरी बॉनेटखाली डिझेलच्या नळ्या आहेत एवढं पुरे.

अवर मीटर बंदच होता. म्हणून वही ठेवली आहे. किती तास चालला, कोणतं काम, किती डिझेल, कुठं गळतंय. मागचे टायर १२.४-२८ चे, कडेला चिरलेले, ते जोडीनं बदलले आणि त्यात सौद्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे गेले. रंग मात्र दिला नाही. बॉनेटवरचा गंज घासून काढून पातळ तेलाचा हात फिरवतो. हा रंग देण्यावरून घरात अजून मतभेद आहेत. पण रंगाखाली काय काय लपवता येतं ते इतक्यांदा बघितलंय, की मला विटका ट्रॅक्टरच भरवशाचा वाटतो.

रोटाव्हेटर लावायचा नाही, अशी तात्यांची सक्त ताकीद आहे. कुळव, पाण्याचा टँकर, एखादी हलकी ट्रॉली एवढीच कामं. त्याचं आवडतं काम मात्र हळदीचं पॉलिश. शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये भरायची, पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, लावायचा आणि एका लयीत फिरवत ठेवायचं. झटके नाहीत, चढ नाही, ओढ नाही. शेजारचे लोक नवे ट्रॅक्टर घरी ठेवून आमच्याकडं ड्रम घेऊन येतात, डिझेल घालतात आणि वर थोडं भाडं देतात. त्या भाड्यातून ग्रीस आणि ऑइल निघतं. क्लचचा खर्च अजून निघायचाय.

सध्या राहिलंय ते पुढच्या एक्सलचं. स्टिअरिंग पाव फेरा मोकळं फिरतं, त्यातलं थोडं बॉक्समध्ये आणि बरंचसं झिजलेल्या सेंटर पिनमध्ये आहे. पिनेचं आणि बुशाचं माप उद्यमनगरातल्या टर्नरकडं देऊन ठेवलंय, बूश गनमेटलचे करतो म्हणाला. हळदीचं पॉलिश उरकलं की पुढची चाकं काढायची.